कडेवरचं नाव

संमेलन समितीकडून फोन आला, "स्मरणिकेसाठी तुझ्या त्या जुन्या नाण्यांवर चार पानं लिही." मी आधी नाही म्हणालो. एक तर माझ्याकडं नाणी फारशी नाहीतच. छत्तीस वर्षं बँकेत कॅश मोजल्यावर घरी येऊन पुन्हा नाणीच मोजायची हौस कोणाला असणार? मी जमवतो त्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या, पण नाणी नसलेल्या वस्तू. गिरण्यांचे पितळी बिल्ले, संस्थानांची पुठ्ठ्याची कुपनं, जत्रेतले रामटंके, लढायांची पदकं, असला सगळा पसारा. नाही म्हणण्याचं दुसरं कारण यातल्याच एका पदकाचं होतं. ते लिहावं की लिहू नये यात पंधरा दिवस गेले. शेवटी ज्याच्याबद्दल लिहायचं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही की. त्यात काय?" म्हणून लिहितोय. नाव मात्र कोणाचंच घालत नाही. आपल्या वर्गातल्यांना ते ओळखायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

आधी नाणं आणि नाण्यासारखी वस्तू यातला फरक सांगतो, कारण घरच्यांनाही तो मी तीस वर्षं सांगतोय. नाण्यामागं सरकार उभं असतं. ते ओळखीच्या दुकानात चालतं तसंच अनोळखी गावातही चालतं. टोकनामागं एखादी गिरणी, एखादं दुकान, फार तर एखादं संस्थान. त्याची सत्ता तेवढ्या फाटकापर्यंत, तेवढ्या वेशीपर्यंत. आणि पदक तर कुठंच चालत नाही. ते एका माणसासाठी असतं आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग नाही. निदान नसावा.

आपल्या दहावीच्या ग्रुपवर दर पंधरा-वीस दिवसांनी कोणीतरी एका पितळी 'नाण्या'चा फोटो टाकतं. एका बाजूला रामपंचायतन किंवा द्रोणागिरी घेतलेला मारुती, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. खाली प्रश्न ठरलेला, याचे किती येतील? लगेच कोणीतरी पाच लाखांचा आकडा सांगतं. मंडळी, एकदाच लिहून ठेवतो. कंपनीनं १८१८ मध्ये मारुतीचा अर्धा आणा पाडलेला नाही. त्या साली कंपनी आपल्याकडं पेशवाई बुडवण्यात गुंतली होती. हे तुकडे पुढं कधीतरी जत्रांत विकायला बनवले गेले आणि साल अंगावर जुनं टाकलं. तांदूळ ओढून घेणारं नाणं म्हणून याच जातीच्या वस्तू दाखवून लोकांना लाखांना फसवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. जुनी नाणी विकत घेतो, आधी शुल्क भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं होतं.

म्हणून रामटंका हलका समजू नका. देवळातून आणून देवघरात पूजेत ठेवायचे चांदीचे, सोन्याचे टंके ही जुनी आणि प्रामाणिक परंपरा आहे. कोणी त्यांना पैसा समजत नव्हतं. खऱ्या चलनावर राम बघायचा असेल तर अकबराकडं जावं लागतं. कारकिर्दीच्या अगदी शेवटी त्यानं धनुष्यधारी राम आणि मागं सीता अशी नाणी पाडली, वर नागरीत 'राम सीय' अशी अक्षरं. ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. माझ्याकडं एकही नाही हे सांगायला नकोच.

माझ्या पसाऱ्यातली सगळ्यात गरीब वस्तू म्हणजे पुठ्ठ्याची कुपनं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमाराला, देशात सुट्ट्या पैशांचा दुष्काळ पडला. धातू युद्धाला लागत होता आणि लोक हाताला लागेल ते नाणं घरात दडवत होते. मीठ-मिरची घ्यायची तर सुटे नाहीत. तेव्हा मोरवी, जुनागढ, बिकानेर अशा संस्थानांनी जाड कागदाची, पुठ्ठ्याची पैसा-दोन पैशांची कुपनं काढली, वर महाराजांचा फोटो छापून. घामानं ती विरघळायची. त्याच काळात, १९४३ मध्ये, सरकारनं मध्ये मोठं भोक असलेला पैसा काढला. तेवढाच धातू वाचला. आपल्या आज्या तो करगोट्यात ओवायच्या आणि सायकलवाले नटाखाली घालायचे. आपल्या लहानपणी घराघरांत पडलेल्या या भोकाच्या पैशांनी आमच्या गोष्टीतही काम केलं आहे. ते पुढं येईल.

गिरणीचे बिल्ले माझ्याकडं नऊ आहेत. आपल्या वर्गात पन्नास मुलं होती आणि त्यातल्या निदान पंधरा जणांचे वडील किंवा चुलते मुंबईला गिरणीत होते. दिवाळीला आणि गौरी-गणपतीला ते गावी आले की त्यांच्या ट्रंकेत कापडाचा तागा असायचा, आणि एखाद्याच्या सदऱ्याच्या खिशात पितळेचा गोल बिल्ला, वर गिरणीचं नाव, खाली ठोकलेला नंबर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि संप संपला असं कोणी कधी जाहीरच केलं नाही. आपण तेव्हा कॉलेजात होतो, किंवा व्हायला हवं होतं. कोण त्या वर्षी शिक्षण सोडून गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर गेलं ते आपल्याला ठाऊक आहे. हे बिल्ले मी पुण्या-मुंबईच्या भंगारवाल्यांकडून किलोवर घेतलेत. एकावर ४१७ आहे, एकावर २०६३. तो ४१७ कोण, हे सांगणारं आता कोणी नाही. बिल्ल्याचा मुद्दाच तो होता. गिरणीला नाव नको होतं, नंबर हवा होता.

आता त्या पदकाचं.

१९७७. आपण आठवीत. वर्ग कौलारू इमारतीतला, शेवटचा, ज्याच्या खिडकीतून बाजाराचं वडाचं झाड दिसायचं. वाडीवरून रोज पायी येणारा आपला एक मित्र एक दिवस चड्डीच्या खिशात 'मोठा रुपया' घेऊन आला. चांदीचा, राणीछापापेक्षा मोठा, हातात घेतला की दुपटीपेक्षा जड. एका बाजूला राजाचं मुंडकं. दुसऱ्या बाजूला, आणि त्यासाठीच तो वर्गभर फिरला, घोड्यावर बसलेला एक नागडा माणूस. अंगावर चिंधी नाही. मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या आठवी 'ब'नं तो पाहिला होता. मुलींच्या बाजूलाही गेला होता, कोणी नेला ते सांगत नाही.

मी तेव्हापासूनच असलं काही दिसलं की सोडत नव्हतो. शाळा सुटताना वडाखाली सौदा झाला. मी तीन भोकाचे पैसे आणि माझी कंपासपेटी दिली. पेटी जवळजवळ नवी होती, फक्त कर्कटकाचं टोक तुटलेलं. त्यानं 'मोठा रुपया' दिला. मला वाटलं, आपण जिंकलो. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो पळतच गेला.

नववीत मी ती वस्तू इतिहासाच्या सरांना दाखवली. सर, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणून जसं घडलं तसंच लिहितो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, ती वस्तू आडवी धरलीत आणि खिडकीपाशी जाऊन गोल गोल फिरवत राहिलात. मग म्हणालात, "हा रुपया नव्हे. पदक आहे. लटकवायचा दांडा तुटलाय. राजाकडं आणि घोड्याकडं काय बघतोस, कड बघ. कडेवर नाव आहे. कोणाचं?" मी म्हणालो, "आमच्या घरातलंच आहे, सर." कडेवरचं आडनाव माझं नव्हतं. तुम्ही ते वाचलं होतंत. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि पदक माझ्या हातात दिलंत. त्या एका 'बरं'नं मी पुढं वर्षभर तुमच्या तासाला दुसऱ्या बाकावरून चौथ्यावर बसत होतो.

आज मला त्या पदकाविषयी जे ठाऊक आहे ते असं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये इंग्रज सरकारनं हे ब्रिटिश युद्धपदक सुरू केलं. व्यास ३६ मिलिमीटर. नागडा घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज. घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडाची ढाल आणि कवटी आहे, बाजूला १९१४ आणि १९१८ ही सालं. विल्यम मॅकमिलन नावाच्या शिल्पकाराचं काम. चांदीची अशी सुमारे ६५ लाख पदकं दिली गेली. ज्यांनी ओझी वाहिली, खंदक खणले अशा मजूर तुकड्यांतल्या हिंदी, चिनी, माल्टी माणसांना मात्र तेच पदक काशाचं मिळालं, ती सुमारे १ लाख १० हजार. बंदुकीला चांदी आणि फावड्याला कासं, असा हिशेब होता. सैनिकाच्या प्रत्येक पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. जगात इतक्या मोठ्या संख्येनं दिलेली आणि तरीही प्रत्येक नग वेगळा असलेली वस्तू दुसरी कोणती असेल तर मला ठाऊक नाही.

आणि यातली कितीतरी आज नाहीत. १९८० च्या जानेवारीत, आपण दहावीच्या पूर्वपरीक्षेत घाम गाळत होतो तेव्हा, जगाच्या बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली होती. अमेरिकेतल्या दोघा हंट बंधूंनी चांदी गोळा करून भाव चढवला होता. मार्चमध्ये तो कोसळला. पण मधल्या काळात इंग्लंडपासून आपल्या पेठेपर्यंत लोकांनी जुनी चांदी मोडीत काढली. पदकाला पदक म्हणून जे मिळत होतं त्यापेक्षा चांदी म्हणून जास्त मिळत होतं. हजारो पदकं मुशीत गेली आणि त्यांच्याबरोबर कडेवरची नावंही. आपल्या पेठेतल्या सराफाच्या तराजूत मी त्या हिवाळ्यात पैंजण, तोडे, करंडे पाहिल्याचं आठवतं. पदक पाहिलं नाही, पण मी शोधतही नव्हतो.

माझ्या पदकाच्या कडेवर नंबर, 'सिपॉय', नाव आणि पुढं १०३ ही पलटण होती. मराठ्यांचं स्पेलिंग त्या काळचे इंग्रज मध्येच एक एच घालून करत, त्यामुळं शाळेत असताना मला तो शब्द लागलाच नव्हता. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणजे आजच्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण, मूळ उभारणी १७६८ ची. १९१४ च्या अखेरीस पुण्याची सहावी डिव्हिजन बसऱ्याला उतरू लागली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या आणि त्यांतली बरीच पोरं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची. आपल्या भागातले म्हातारे 'जर्मनची लढाई' म्हणायचे, पण यातले बहुतेक जर्मन बघायलाही मिळाले नाहीत. ते इराकच्या वाळवंटात तुर्कांशी लढले.

निवृत्तीनंतर, गेल्या वर्षी, एका दुपारी मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत तो नंबर आणि ते नाव घालून पाहिलं. इतकी वर्षं का नाही पाहिलं, याचं उत्तर माझ्याकडं आहे, पण ते चांगलं नाही. नोंद सापडली. बापाचं नाव, गावाचं नाव, तालुका, जिल्हा सातारा. गाव आपल्या मित्राचीच वाडी. मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५.

त्या तारखेला टेसिफॉनची लढाई सुरू झाली. बगदादच्या खाली पंचवीस-तीस किलोमीटरवर ही जागा आहे. सासानी बादशहांच्या राजवाड्याची प्रचंड विटांची कमान अजून तिथं उभी आहे. स्थानिक लोक त्या गावाला सलमान पाक म्हणतात. जनरल टाउनशेंडला बगदाद घ्यायचं होतं. तुर्कांनी खंदकांच्या दोन रांगा खणून ठेवल्या होत्या. १०३ वी पलटण ज्या ब्रिगेडमध्ये होती ती आडोसा नसलेल्या सपाट मैदानातून चालून गेली. पहिली रांग घेतली, दुसरी घेता आली नाही. टाउनशेंडच्या फौजेतले चार हजारांहून जास्त ठार किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांत घालून नदीपर्यंत नेलं. त्या हालांची पुढं इतकी ओरड झाली की १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आल्यावर भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. उरलेली फौज मागं हटून कुतला आली आणि ७ डिसेंबरपासून तिथं कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. घोड्याचं मांस खायला आपल्या शिपायांनी शेवटपर्यंत खळखळ केली. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची परवानगी तारेनं मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार लोक शरण गेले आणि त्यांना चालवत उत्तरेला नेलं. त्या चालण्याविषयी वाचलं की वाटतं, पहिल्याच दिवशी गेलेला सुटला. पण असं म्हणायचा अधिकार मला नाही.

ज्यांची कबर किंवा दहनाची जागा सापडत नाही अशांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक बांधलं. त्यावर ४० हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमानं ते उचलून वाळवंटात बत्तीस किलोमीटर आत नेलं. या स्मारकाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तिथं गोऱ्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, पण साध्या हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीच्या नावाखाली त्यांचा फक्त आकडा आहे. हे चुकीचं झालं असं त्या कमिशननं २०२१ मध्ये मान्य केलं. आपल्याकडंही जुन्या चावड्यांच्या भिंतीत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर गावाचं नाव असतं, माणसाचं नसतं. म्हणजे त्या शिपायाचं नाव धातूवर जिथं ठोकलेलं होतं अशी जागा त्याच्या घरात होती, ती आठवीतल्या एका पोरानं कंपासपेटी देऊन नेली.

मग मी वाडीवर गेलो. आगाऊ फोन केला नाही; केला असता तर गेलो नसतो. मित्र गोठ्यात होता. चहा झाला, गुडघेदुखी झाली, मग मी खिशातून पदक काढून त्याच्या हातावर ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग हसायला लागला. "आयला, नागडा घोडेस्वार!"

मग त्यानं जे सांगितलं ते मला सत्तेचाळीस वर्षं ठाऊक नव्हतं. पदक देवघराच्या फळीवर असायचं. संध्याकाळी ते नाही हे आजीच्या ध्यानात आलं. आजी म्हणजे त्या शिपायाची सून. सासरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. यानं मार खाल्ला आणि सांगितलं, खेळताना ओढ्यात पडलं. आजी दोन दिवस चाळणी घेऊन ओढ्यात वाळू चाळत बसली. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि ओढा वाहिला, तेव्हा उठली. मित्र हे सांगताना हसत होता, त्याच्या लेखी ती आता पोरपणीची गंमत होती. मला हसता आलं नाही.

माझा चेहरा पाहून तोच म्हणाला, "अरे, बरं झालं तू नेलंस. ऐंशी साली चांदी चढली तेव्हा आजीनंच तोडे मोडून बहिणीचं लग्न काढलं. घरात असतं तर तेही गेलं असतं." हिशेब खरा आहे. पण तो माझ्या इतका सोयीचा आहे की मी त्यावर विश्वास ठेवत नाही. आजीनं तोडे मोडले, पदक मोडलं असतं की नाही हे कोणी सांगावं? पाऊस झाला नसता तर ती चौथ्या दिवशीही बसली असती.

एवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, असलंच एक आमच्यात अजून आहे, पण मोठं." आणि त्या दुधाच्या कासांडीवरचं झाकण घेऊन आल्या.

बशीएवढी, हाताला जड अशी काशाची तबकडी. राखेनं घासून घासून गुळगुळीत झालेली. तरी ब्रिटानिया दिसत होती, तिच्यापुढं सिंह, आणि उजवीकडं चौकटीत उठावाची अक्षरं. मी पदक शेजारी धरलं. तेच नाव. स्पेलिंग दोन्हीकडं वेगळं. दोन कारकुनांनी दोन तऱ्हेनं ऐकलेलं. हुद्दा तबकडीवर नाही, कोणाच्याच तबकडीवर नसतो. जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. युद्धात मेलेल्या साडेतेरा लाख लोकांच्या घरी अशा तबकड्या पाठवल्या होत्या. इंग्लंडात लोक तिला 'मेलेल्या माणसाची पेनी' म्हणत, कारण दिसायला ती त्यांच्या तांब्याच्या पेनीसारखी, फक्त कितीतरी मोठी. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं असतं की तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. १९१५ मधल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाच्या बाबतीत यातला पहिला शब्द वाचून काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. वहिनींना त्यावर काही लिहिलंय हे ठाऊक होतं, काय लिहिलंय हे त्या घरात शंभर वर्षांत कोणी वाचलं नव्हतं. पणजीला पेन्शन होती, ती तालुक्याला जाऊन अंगठा उठवून आणायची, एवढंच वाडीच्या स्मरणात उरलं होतं. कुठं गेला होता विचारलं तर 'बसऱ्याला', बस.

मित्राची नात आपल्याच शाळेत आठवीत आहे. तिनं माझं भिंग घेतलं आणि एकेक अक्षर लावत कड वाचून काढली. नाव तिच्याच आडनावाशी येऊन थांबलं तेव्हा ती भिंग खाली ठेवून आजोबांकडं बघायला लागली. मग तिनं नकाशा मागितला. फोनवर मी तिला बसरा दाखवलं, कुत दाखवलं, ती कमान दाखवली.

पदक घ्यायला मित्र तयार नव्हता. "आमच्यात कोण बघतंय? तुझ्याकडं कापसात राहील." मी म्हणालो, नाही. मग तो म्हणाला, शाळेला देऊ. इतिहासाच्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यात राहील. यावरून आमची तासभर वादावादी झाली. मला शाळेच्या कपाटांचा भरवसा नाही, माफ करा. आपल्या काळी त्याच कपाटातून शिवराई गेली होती आणि ती कोणी नेली हे अजून कळलेलं नाही. (मी नेलेली नाही. माझ्यावर संशय असणार, म्हणून सांगितलं.) शेवटी नातीनं निकाल दिला की दोन्ही वस्तू घरातच एकत्र राहतील, झाकण आता कासांडीवर जाणार नाही, आणि संमेलनाला मात्र दोन्ही आणायच्या.

तेव्हा रविवारी दुपारच्या जेवणानंतर, इतिहासाच्या खोलीत टेबलावर त्या दोन्ही ठेवलेल्या असतील. भिंग मी आणतो. सर, तुम्ही जिना चढून येऊ शकत नसाल तर टेबल खाली आणू. माझे गिरणीचे बिल्लेही आणतोय. कोणाच्या वडिलांचा नंबर कोणाला आठवत असला तर सांगा. समिती आपल्या सगळ्यांना स्मृतिचिन्ह म्हणून नाण्यासारखं पदक देणार आहे असं ऐकतो. कडेवर नावं ठोका असं मी सुचवलं होतं, पण कारागीर त्याचे जादा पैसे मागतोय म्हणे. निदान वर्ष तरी टाका.

तुमच्या घरी ट्रंकेत, देवघरात, मिठा-मसाल्याच्या डब्यावर असलं काही असेल तर घेऊन या. किंमत मी सांगणार नाही. कड वाचून देईन. आणण्याआधी चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करू नका. घासलं की आधी अक्षरं जातात. भिजलं असेल तर नुसतं कोरड्या सुती फडक्यानं टिपा.

निघताना मित्राच्या नातीनं विचारलं, "मग आजोबांनी यांना कंपासपेटी परत द्यायची का?" तो म्हणाला, "कर्कटक तुटका होता तिचा." तो हिशेब आमचा अजून मिटलेला नाही.